जोडीच्या भावाने विकला जाणारा थवा

शहरातल्या माशांच्या दुकानात शिरले, की भाव बहुधा जोडीचा सांगितला जातो. झेब्रा माशाची जोडी, निऑनची जोडी, टायगर बार्बची जोडी. घेणाराही त्याच हिशेबाने चालतो. टाकी लहान आणि डोळ्यांना रंग हवेत; म्हणून पाच जातींची एकेक जोडी पिशव्यांत भरून घरी येते. काचेआड दहा मासे फिरू लागतात आणि टाकी भरल्यासारखी वाटते. पंधरा दिवसांत चित्र पालटते. एखादा मासा फिल्टरमागे दडून बसतो, एखाद्याची शेपटी कुरतडलेली दिसते, एखादा खाणे सोडतो. मग पाणी बदलून पाहिले जाते, औषध टाकून पाहिले जाते. दहा माशांच्या त्या टाकीत एकाही माशाला त्याचा थवा लाभलेला नाही, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

याच झेब्रा माशाचे नाव देशातील विज्ञानवार्तांमध्ये आता नित्याचे झाले आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत त्याच्या मणक्यांमधील चकत्या पुन्हा कशा घडतात, याचा अभ्यास झाला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्याच्या त्वचेची जडणघडण तपासली गेली. हैदराबादची सीसीएमबी आणि दिल्लीची आयजीआयबी या संस्थांतही तो आहे. प्रयोगशाळेत तो संख्येने राहतो, घरात मात्र जोडीने येतो. हा फरक केवळ सोयीचा नाही. कोणता मासा कोणाबरोबर आणि किती संख्येने ठेवावा, या साध्या वाटणाऱ्या घरगुती प्रश्नामागे सुमारे दोनशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्याची सुरुवात भारतातील एका नदीपाशी होते.

कोसीचा मासा

फ्रान्सिस ब्युकॅनन हा स्कॉटिश वैद्य १७९४ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल येथील वैद्यकीय सेवेत रुजू झाला. १८०७ ते १८१४ या काळात कंपनीच्या आज्ञेवरून त्याने बंगाल आणि बिहारच्या प्रदेशाची पाहणी केली. शेती, जातीजमाती, उद्योग, देवळे, वनस्पती असे सारे काही त्या पाहणीत होते आणि नद्यांतले मासेही होते. पुढे मायदेशी परतल्यावर त्याने आईकडचे हॅमिल्टन हे आडनाव स्वीकारले. १८२२ साली एडिंबरा येथे त्याचा गंगा आणि तिच्या उपनद्यांतील माशांवरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. कोसी नदीतल्या एका इवल्याशा पट्टेदार माशाचे वर्णन त्यात ‘सिप्रिनस रेरियो’ या नावाने आले. आज आपण त्याला झेब्रा मासा म्हणतो आणि शास्त्रीय परिभाषेत ‘डॅनियो रेरियो’.

हॅमिल्टनच्या ग्रंथातली एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. माशांना नावे देताना त्याने लॅटिन शब्दकोश धुंडाळण्याऐवजी बहुतेक वेळा कोळ्यांच्या तोंडचे शब्द उचलले. रोहू, कटला, मृगळ ही आपल्या बाजारात नेहमी ऐकू येणारी नावे त्याच्यामुळेच जगाच्या शास्त्रीय यादीत गेली. घरगुती टाक्यांत लोकप्रिय असलेल्या रोझी बार्बचे ‘कोंकोनियस’ हे नाव बंगालीतल्या ‘कांचन पुंटी’वरून आले. ‘डॅनियो’ या नावाच्या मुळाशीही ‘धानी’, म्हणजे भातखाचरातला, हा बंगाली शब्द असल्याचे मानले जाते. मासा कुठे राहतो, हे त्याच्या नावातच सांगितलेले होते. उथळ, संथ, काठाने गवत असलेले पाणी, खाचरांच्या कडेचे पाट आणि पावसाळ्यात पसरून उन्हाळ्यात आकसणारी तळी, हे त्याचे घर.

त्या काळी वर्णन करायचे ते एका माशाचे. कल्ले, पर, खवल्यांची संख्या, पट्ट्यांची ठेवण हे सारे एका मेलेल्या नमुन्यावर मोजता येते. तो मासा किती जणांच्या सोबतीने पोहत होता, हे बाटलीत जतन होत नाही. १८२९ साली हॅमिल्टन निवर्तला. त्याच्या ग्रंथाचा आणि चित्रांचा भारतीय बाजूने काळजीपूर्वक अभ्यास करून १९२९ साली सुंदरलाल होरा यांनी तो पुढच्या संशोधकांसाठी सुलभ केला. तरीही विज्ञानाला या माशाची ओळख बराच काळ एकट्या नमुन्याच्या रूपातच राहिली. थव्याने राहणाऱ्या प्राण्याला एकट्याने ओळखण्याची ही सवय पुढे घरातल्या टाकीतही उतरली.

वॉरिंग्टनचे दोन सोनमासे

काचेच्या टाकीत मासे जगवण्याचे आधुनिक शास्त्र लंडनमध्ये आकाराला आले. रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने १८४९ साली बारा गॅलन धारणेच्या काचपात्रात दोन लहान सोनमासे सोडले आणि सोबत व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती लावली. सडलेली पाने आणि शेवाळ वाढू लागल्यावर त्याने त्यात गोगलगायी आणल्या. मासा श्वास घेतो, वनस्पती प्राणवायू देते, गोगलगाय सडका पाला खाते, असा समतोल त्याने १८५० साली मांडला. लागलीच १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडले आणि १८५४ साली फिलिप हेन्री गॉस याचे मत्स्यालयावरचे पुस्तक निघाले. इंग्लंडमध्ये घरोघरी काचेच्या टाक्या दिसू लागल्या.

या समतोलात हवा होती, अन्न होते, विष्ठेची विल्हेवाट होती. माशाला माशाची सोबत किती लागते, हा प्रश्न मात्र त्यात नव्हता. वॉरिंग्टनचे मासे दोन होते, कारण रसायनशास्त्राच्या प्रयोगाला दोन पुरेसे होते. विसाव्या शतकाच्या आरंभी झेब्रा मासा युरोपात पोहोचला तेव्हा तो काटक, स्वस्त आणि सहज अंडी देणारा म्हणून लोकप्रिय झाला. १९३६ साली अमेझॉनच्या खोऱ्यातल्या निऑन टेट्राचे वर्णन जॉर्ज मायर्स यांनी केले आणि त्याच्या निळ्यालाल झळाळीने छंदाला नवे वेड लावले. आपल्याकडे १९५१ साली मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडले आणि काचेआडचे पाणी सर्वसामान्य घरांच्या कल्पनेत आले. जगाच्या वेगवेगळ्या टोकांचे मासे एका टाकीत एकत्र ठेवणे आता शक्य झाले होते. ते एकमेकांना मानवतात का, हे कोणी विचारले नव्हते.

थवा म्हणजे नक्की काय?

प्रश्न विचारणारे दुसरीकडे होते. शिकागोतील वॉर्डर ॲली यांनी १९३२ साली सोनमाशांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. चांदीचे सूक्ष्म विषारी कण मिसळलेल्या पाण्यात एकेकटे ठेवलेले मासे लवकर मेले, तर तेवढ्याच पाण्यात गटाने ठेवलेले अधिक काळ टिकले. गटाच्या अंगावरून सुटलेला बुळबुळीत स्राव ते विष बांधून घेत होता आणि प्रत्येकाच्या वाट्याला कमी विष येत होते. सोबतीचा फायदा प्रथमच मिनिटांत मोजला गेला.

१९३८ साली कार्ल फॉन फ्रिश यांनी मिन्नो या लहान माशांविषयी वेगळेच निरीक्षण नोंदवले. जखमी झालेला एक मासा थव्यात परत सोडताच बाकीचे सैरावैरा पळाले आणि मग एकमेकांना बिलगले. जखमेतून पाण्यात मिसळणारे एक द्रव्य इतरांना धोक्याची सूचना देत होते. मधमाश्यांच्या नृत्यभाषेसाठी फॉन फ्रिश यांना पुढे १९७३ साली नोबेल मिळाले, पण माशांच्या अभ्यासात त्यांचे हे भयद्रव्य तितकेच महत्त्वाचे ठरले. झेब्रा मासाही याच मोठ्या कुळातला. त्याच्या भयद्रव्याचा रासायनिक माग सिंगापूरच्या संशोधकांनी २०१२ साली काढला. म्हणजे थव्यातला प्रत्येक मासा इतरांसाठी पहारेकरी असतो, काही वेळा स्वतःच्या जिवाची किंमत देऊन.

मग थवा जुळतो कसा? डोळ्यांनी, हे पहिले उत्तर. १९७६ साली टोनी पिचर आणि सहकाऱ्यांनी सेथ नावाच्या समुद्री माशांचे डोळे तात्पुरते झाकून त्यांना डोळस माशांच्या थव्यात सोडले. आंधळा मासाही थव्यात आपली जागा राखू शकला. माशाच्या दोन्ही कुशींवरून डोक्यापासून शेपटीपर्यंत एक बारीक रेघ गेलेली असते. तिला पार्श्वरेषा म्हणतात. शेजारच्याच्या शेपटीने ढवळलेले पाणी या रेषेला जाणवते. थवा पाहिला जातो, तसा तो अंगाला जाणवतोही. पुढे पिचर यांनी दोन गोष्टी वेगळ्या केल्या. सोबतीसाठी सैलपणे एकत्र राहणे म्हणजे थवा. एका दिशेने, एका लयीत, कवायत केल्यासारखे पोहणे ही थव्याची एक विशेष अवस्था. घरच्या टाकीत मासे रांगेने पोहत नाहीत म्हणून त्यांना सोबत नको, असा निष्कर्ष काढणे या भेदामुळे चुकीचे ठरते. उलट सुरक्षित वाटणारा थवा सैल होतो, घाबरलेला थवा आवळून येतो.

१९८२ साली याच गटाने आणखी एक साधी गोष्ट दाखवली. मोठ्या थव्यातल्या माशांना लपवलेले अन्न लवकर सापडते. पहाऱ्याचे काम वाटले गेले, की खाण्याला उसंत मिळते. दोनच माशांच्या टाकीत दोघांनाही सदा सावध राहावे लागते. ‘नवा मासा खात नाही’ या नेहमीच्या तक्रारीचे एक कारण इथे सापडते.

दुकानातून प्रयोगशाळेत

झेब्रा माशाचे भाग्य पालटले ते अमेरिकेतल्या ऑरेगन विद्यापीठात. जॉर्ज स्ट्रायसिंगर हे विषाणूंच्या जनुकशास्त्राचे अभ्यासक होते आणि घरी मासे पाळण्याचा त्यांना छंद होता. कणा असलेल्या प्राण्याचे जनुकशास्त्र अभ्यासायला स्वस्त, लहान, भरपूर अंडी देणारा आणि पारदर्शक गर्भाचा प्राणी हवा होता. तो त्यांना पाळीव माशांच्या दुकानातच मिळाला. १९८१ साली त्यांनी झेब्रा माशाचे एकजिनसी वंश तयार केल्याचे प्रसिद्ध केले. आजही जगभर वापरला जाणारा ‘एबी’ हा वंश ऑरेगनमधल्या दोन दुकानांतल्या माशांपासून आला. जर्मनीतला ‘ट्युबिंगेन’ वंशही दुकानातलाच. १९९६ च्या अखेरीस ट्युबिंगेन आणि बोस्टन येथील गटांनी हजारो उत्परिवर्तनांची छाननी ‘डेव्हलपमेंट’ या नियतकालिकाच्या एका विशेषांकात मांडली. २०१३ साली संदर्भ जनुकसंच प्रसिद्ध झाला, तेव्हा मानवी जनुकांपैकी सुमारे ७० टक्के जनुकांचे भाऊबंद या माशात असल्याचे दिसले.

दुकानातून आलेला हा वंश मूळ नदीपासून फार लांब गेला होता. २००९ साली दिल्लीच्या आयजीआयबीतील संशोधकांनी भारतातल्या रानटी झेब्रा माशाचा जनुकसंच वाचल्याचे जाहीर केले, त्याचे महत्त्व यातच आहे. कोलकात्याच्या आयसरमध्ये अनुराधा भट यांच्या गटाने रानटी झेब्रा माशांच्या वागणुकीचा अभ्यास चालवला आहे. नद्यानाल्यांतल्या निरीक्षणांतून दिसते, की थव्याचा आकार सर्वत्र सारखा नसतो. झाडोरा, पाण्याचा वेग आणि शिकारी मासे यांनुसार कुठे मोजके मासे एकत्र असतात, तर कुठे त्यांचा मोठा समूह दिसतो. एकट्याने किंवा जोडीने संसार करणे ही मात्र त्यांची रीत नव्हे.

प्रयोगशाळेत झेब्रा मासे हाताशी आले आणि सोबतीचा प्रश्न थेट मेंदूपर्यंत नेता आला. २००४ साली रेमंड एंगेझर आणि सहकाऱ्यांनी पट्टे असलेली पिल्ले बिनपट्ट्यांच्या उत्परिवर्तित माशांत वाढवली. मोठी झाल्यावर ती बिनपट्ट्यांच्या सोबत्यांकडेच ओढली गेली. ‘आपला कोण’ हे माशाला लहानपणी शिकावे लागते आणि शिकलेले ते सहज विसरत नाही. निऑनची जोडी ही झेब्राला सोबत होत नाही, ती याच कारणाने. ते त्याच्या लेखी शेजारी आहेत, गोतावळा नव्हे.

२०२० साली फ्रँकफर्टच्या माक्स प्लांक मेंदूसंशोधन संस्थेने ‘नेचर’मध्ये आणखी पुढचे पाऊल टाकले. झेब्रा माशाच्या मेंदूतल्या एका संप्रेरकाच्या जनुकाची हालचाल आसपास किती मासे आहेत त्यानुसार वरखाली होते, असे त्यांना आढळले. मासा एकटा पडला की ती घटते. सोबत मिळाली की अर्ध्या तासातच वाढू लागते. काचेपलीकडचे मासे नुसते दिसून भागत नाही. त्यांच्या पोहण्याने हललेले पाणी पार्श्वरेषेला लागावे लागते. पार्श्वरेषेच्या पेशी निकामी केल्यावर सोबत मिळूनही मेंदूला तिची खबर पोहोचली नाही. २०२३ साली पोर्तुगालमधील संशोधकांनी ‘सायन्स’मध्ये दाखवले, की एका झेब्रा माशाची भीती दुसऱ्यात पसरण्यासाठी ऑक्सिटोसिन लागते. माणसाच्या जिव्हाळ्याशी ज्याचे नाव जोडले जाते, तेच हे संप्रेरक.

या निष्कर्षांवरून माशाला माणसासारखा एकटेपणा वाटतो, असे म्हणणे घाईचे होईल. जनुकाची हालचाल म्हणजे भावना नव्हे. पण एवढे निश्चित म्हणता येते, की थव्याने राहणाऱ्या माशाचे शरीर सोबत्यांची संख्या मोजत असते आणि ती घटली तर त्याची नोंद मेंदूत होते. जोडीच्या भावाने मासे विकताना ही मोजणी कोणी विचारात घेत नाही.

सह्याद्रीचा इशारा

माशाची निवड केवळ रंगावर झाली तर काय होते, याचे उदाहरण आपल्याच पश्चिम घाटात आहे. १८६५ साली फ्रान्सिस डे यांनी त्रावणकोरच्या डोंगरातील मुंडकयम येथून एका देखण्या माशाचे वर्णन केले. अंगावर काळी रेघ, तिच्यावर लाल पट्टा. मद्रासचे तत्कालीन गव्हर्नर विल्यम डेनिसन यांचे नाव त्याला दिले गेले. सव्वाशे वर्षे तो वाहत्या, स्वच्छ, प्राणवायूने भरलेल्या ओढ्यांत निवांत होता. १९९० नंतर मात्र परदेशी बाजाराची नजर त्याच्यावर पडली. १९९७ साली सिंगापूरच्या ‘ॲक्वारामा’ प्रदर्शनात त्याचे कौतुक झाले आणि ‘मिस केरळ’ या नावाने त्याची मागणी वाढली.

२०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार २००५ ते २०१२ या काळात भारतातून ३० संकटग्रस्त जातींचे किमान १५ लाख गोड्या पाण्यातले मासे शोभेसाठी निर्यात झाले. त्यांत डेनिसन बार्ब आणि त्याच्या भावंड जातीचा वाटा मोठा होता. केरळ सरकारने २००८ साली पकडीवर निर्बंध घातले. जून, जुलै आणि ऑक्टोबर हे महिने बंदीसाठी निवडले गेले. पुढे केलेल्या अभ्यासात या माशाचा अंडी घालण्याचा मुख्य काळ ऑक्टोबर ते मार्च असा निघाला. म्हणजे बंदीचा बराचसा काळ ज्या वेळी गरज नव्हती त्या वेळी होता. नियम करणाऱ्यांचा हेतू चांगला होता, पण माशाचे जीवनचक्र आधी तपासले गेले नव्हते. २०१३ सालीच राजीव राघवन, सिबी फिलिप, अन्वर अली आणि पुण्याच्या आयसरमधील नीलेश दहाणूकर यांनी या माशांसाठी नवी प्रजाती प्रस्थापित केली. तिचे नाव ‘सह्याद्रिया’. आपल्या डोंगराचे नाव धारण करणारा हा मासा आज संकटग्रस्तांच्या जागतिक यादीत आहे.

दुकानात तो पिल्लाच्या आकारात मिळतो. पूर्ण वाढला की दहा सेंटिमीटरच्या पुढे जातो, वेगाने पोहतो आणि त्यालाही थवा लागतो. दोन फुटांची टाकी म्हणजे त्याच्यासाठी दोन उड्यांची खोली. तेव्हा लहान टाकीसाठी तो न घेणे, हे त्या माशाच्या आणि नदीच्या दोघांच्याही हिताचे आहे.

मग टाकीत काय ठेवावे?

इतिहासाने दिलेली ही माहिती घरच्या टाकीवर लावून पाहू. लांबी ६० सेंटिमीटर, रुंदी आणि उंची ३० सेंटिमीटर, ही आपल्याकडे सर्रास मिळणारी टाकी. हिशेबाने तिच्यात ५४ लिटर पाणी मावते. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा जाता त्याहून कमी. वॉरिंग्टनचे पात्रही जवळजवळ याच मापाचे होते. एवढ्या जागेत पाच जातींच्या पाच जोड्या ठेवण्यापेक्षा एकाच लहान जातीचे आठ ते दहा मासे ठेवावेत. सहापेक्षा कमी तर नकोतच. संख्या तीच, खर्च जवळपास तोच; पण टाकीत थवा असतो.

झेब्रा मासा ही आपल्या हवापाण्याला साजेशी निवड आहे. तो चार सेंटिमीटरच्या आसपास राहतो, तापमानातले चढउतार सोसतो आणि विंधणविहिरीच्या थोड्या जड पाण्यातही निभावतो. दुकानात ‘लेपर्ड डॅनियो’ म्हणून ठिपकेदार मासा मिळतो. १९६३ साली त्याला स्वतंत्र जात मानून नाव दिले गेले होते. पुढे तो झेब्रा माशाचाच एका जनुकातल्या बदलाने झालेला प्रकार असल्याचे सिद्ध झाले. म्हणून ज्यांना विविधता हवी त्यांनी पट्टेदार आणि ठिपकेदार झेब्रा लहानपणापासून एकत्र वाढवावेत. रंग दोन, जात एक. उड्या मारण्याची सवय असल्याने टाकीवर झाकण मात्र हवे, आणि पोहायला समोरची जागा मोकळी हवी.

निऑन हवे असतील तर टाकी निऑनचीच करावी. अमेझॉनच्या मऊ, किंचित आम्ल पाण्यातून आलेला तो संथ मासा चपळ झेब्रासमोर खाण्यात मागे पडतो. जड पाणी आणि मे महिन्यात तापलेली टाकी त्याला मानवत नाही. लांब झुलत्या परांचा फायटर, गप्पी किंवा एंजल मासा चपळ थव्याबरोबर ठेवू नये. पर कुरतडले जातात. एंजल मोठा झाला की निऑन त्याच्या तोंडात मावतो आणि जे तोंडात मावते ते बहुधा पोटात जाते. टायगर बार्ब दोन-तीनच असले की शेजाऱ्यांना छळतात. संख्या पुरेशी असली की आपापसातली चढाओढ आपापसातच राहते, पण तेवढ्यांसाठी ही टाकी अपुरी पडते. सोनमासा या आकारात ठेवूच नये.

म्हणजे ‘जुळते का’ या प्रश्नाचे चार उपप्रश्न होतात. पूर्ण वाढलेला मासा किती मोठा? त्याचा वेग सोबत्यांसारखा आहे का? दोघांचे मूळ पाणी आणि तापमान एक आहे का? आणि प्रत्येकाला त्याच्याच जातीचे पुरेसे सोबती आहेत का? पहिले तीन प्रश्न बहुतेक जण विचारतात. चौथा राहून जातो.

दहा मासे एका दिवसात मात्र सोडू नयेत. माशांच्या विष्ठेतला अमोनिया आधी नायट्राइटमध्ये आणि मग कमी घातक नायट्रेटमध्ये बदलणारे जिवाणू फिल्टरमध्ये स्थिरावायला काही आठवडे लागतात. वॉरिंग्टनच्या काळी या जिवाणूंचे काम कोणाला ठाऊक नव्हते. टाकी आधी बिनमाशांची चालवावी, अमोनिया आणि नायट्राइट तपासावे, मग एकाच जातीचे मासे थोड्या थोड्या दिवसांच्या अंतराने वाढवावेत. दर आठवड्याला थोडे पाणी बदलावे. व्हॅलिस्नेरिया आपल्याकडेही सहज मिळते, ती लावावी. आणि कंटाळा आला, गाव बदलले, तरी टाकीतला मासा ओढ्यात, तळ्यात किंवा विहिरीत सोडू नये. एका टाकीचा प्रश्न नदीचा प्रश्न होऊन बसतो.

हॅमिल्टनने कोसीतला मासा कागदावर उतरवला तेव्हा तो एकटा होता. वॉरिंग्टनने टाकी मांडली तेव्हा मासे दोन होते. थव्याचा हिशेब मांडायला विज्ञानाला शंभराहून अधिक वर्षे लागली आणि त्यातला मोठा वाटा भातखाचरांच्या काठी राहणाऱ्या या बोटभर माशाने उचलला. प्रयोगशाळांनी त्याच्याकडून जे शिकून घेतले, त्यातले थोडे तरी त्याच्या वाट्याला परत जावे, अशी अपेक्षा करणे गैर नाही. पुढच्या वेळी दुकानदार जोडीचा भाव सांगेल, तेव्हा एकाच जातीच्या चार किंवा पाच जोड्या मागाव्यात. तो बहुधा आनंदाने देईल. काचेआडच्या पाण्यात मात्र तेवढ्याने मोठा फरक पडेल.